लोणच्याचा वास

१

दहा महिन्यांच्या पोराला कोणी विष घालेल, ही गोष्ट फौजदार सुचित्रा घरत यांच्या मनाला काही केल्या पटत नव्हती. पण तक्रार तशीच होती. तक्रार देणारी बाई खुर्चीच्या कडेवर ताठ बसली होती आणि एकदा सांगून झालेलं पुन्हा पहिल्यापासून सांगत होती.

बाईंचं नाव गीतांजली. मूळच्या साताऱ्याकडच्या, आता कोपरखैरण्यात राहणाऱ्या. घर माळकरी. त्यांच्या मुलीने, ऋतिकाने, शिरवण्याच्या प्रितेशशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं. या दोघांचा मुलगा राजवर्धन, म्हणजे घरातला राजा, नेरुळच्या एका मुलांच्या हॉस्पिटलात पडून होता. थोड्याच दिवसांत हे दुसऱ्यांदा झालं. दोन्ही वेळा तऱ्हा एकच. भरदुपारी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि खेळतं पोर मान टाकून गप्प झालं. दोन्ही वेळा वाचलं ते नशिबाने.

आणि दोन्ही वेळा पुतळाबाई ऋतिकाच्या घरी आलेल्या होत्या. पुतळाबाई म्हणजे प्रितेशची आई, राजाची दुसरी आजी. शिरवण्याच्या बाजारात मासळी विकायच्या आणि बाजार उठला की नातवाला बघायला यायच्या.

एवढ्यावरून कोणावर विषाचा आळ घेता येत नाही, असं सुचित्राबाईंनी शांतपणे सांगून पाहिलं. त्यावर गीतांजलीबाई पुढे झुकल्या.

"दुसऱ्या वेळी मी तिथेच होते. पोराला उचललं तर त्याच्या तोंडाला लोणच्याचा वास येत होता. माझ्या नाकात गेला तो. ऋतिका त्याला अजून मीठसुद्धा देत नाही, आणि फ्रीजमध्ये त्या बाईने आणलेली कोलंबीच्या लोणच्याची बरणी होती. आता तुम्हीच सांगा."

हे मात्र सुचित्राबाईंना बाजूला सारता येईना. म्हातारी माणसं लाडाने बोट चाटवतात, त्यात विष नसतं. पण लहान जिवाला न मानवणारी वस्तू बोटभरही पुरते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या टोपी उचलून उठल्या.

२

डॉक्टर जागृती वयाने तरुण होत्या आणि तीन रात्रींच्या जागरणाने त्यांचे डोळे चुरचुरत होते. त्यांनी सुचित्राबाईंना काचेतून राजा दाखवला. गोरं, गुटगुटीत पोर उताणं झोपलं होतं. फक्त उजव्या गालावर खरजेसारखा खरखरीत, आता निवत आलेला लाल चट्टा होता. डावा गाल लोण्यासारखा.

सुचित्राबाईंनी चट्ट्याबद्दल विचारलं. तो जुना आहे, दोन-तीन महिन्यांचा असल्यापासूनचा, असं डॉक्टर म्हणाल्या. मलम लावलं की बसतो, घरी गेला की पुन्हा वर येतो. इथे असला की मात्र आपसूक निवतो.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. काही मुलांचं शरीर एखाद्या साध्या खाण्याच्या वस्तूला शत्रू समजतं आणि असं काही पेटून उठतं की त्यात मुलाचाच श्वास कोंडतो. मोठं माणूस घसा आवळला म्हणून सांगतं तरी. तान्हं पोर फक्त गप्प होतं, आणि घरच्यांना वाटतं झोप आली. मांडीत एक इंजेक्शन वेळेवर बसलं तर जीव वाचतो. उशीर झाला तर नाही.

"मग कोलंबीच असणार," सुचित्राबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. रक्ताची तपासणी सकाळीच आली होती. मासे नाहीत, कोलंबी नाही. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, काहीच नाही. नेहमीचे म्हणून जे संशयित असतात ते सगळे निर्दोष सुटले होते.

वासाचं काय, असं विचारल्यावर डॉक्टर जरा थांबल्या. वास त्यांनाही आला होता. ऑक्सिजनचा मुखवटा लावायला त्या वाकल्या तेव्हा नाकात असा काही शिरला की डोळ्यांत पाणी आलं. लोणच्यासारखाच म्हणायचा, पण आंबट नव्हता. नुसताच झोंबणारा.

"मॅडम, एक-दोन दिवसांत मला त्याला घरी सोडावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्याच्या जिवावर उठलेली वस्तू त्या घरात आहे आणि तिचं नाव मला माहीत नाही. तुम्ही मला तेवढं नाव आणून द्या. पुढच्या वेळी इंजेक्शन वेळेवर पोचेल, असं मी कोणाला सांगू शकत नाही."

सुचित्राबाईंच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत गुन्हेगार शोधून द्या असं अनेकांनी सांगितलं होतं. तो पुन्हा येणार आहे हे आधीच माहीत असलेला मात्र हा पहिलाच.

३

माणसांना काय पाहिलंत असं विचारलं की माणसं रचून सांगतात, असा सुचित्राबाईंचा अनुभव. म्हणून त्यांची आपली एक रीत होती. त्या विचारायच्या, त्या वेळी तुमचे हात काय करत होते? हातांचं खोटं पटकन सुचत नाही.

शिरवण्यात पुतळाबाई घराच्या ओटीवर बसल्या होत्या. राजाला दुसऱ्यांदा झालं त्या दिवसापासून बाजारात गेल्या नव्हत्या. पोलीस बघून घाबरल्या नाहीत, फक्त पदर सारखा केला. सुचित्राबाईंचं माहेर जासईचं हे कळल्यावर त्यांचा आवाज जरा मोकळा झाला.

हातांचं विचारलं तर म्हातारीने दोन्ही तळहात पुढे केले. सुरीच्या जुन्या खुणा, बर्फाने पडलेल्या चिरा. "ह्या हातांनी मी त्याला उचलला पन नाय, बाय. हाताला मासलीचा वास येतो असं सुनेला वाटते. मी लिंबू चोलून हात धुते, तरी लांबशीच बगते. तो उठला का दाराकून हाक मारते, हसतो, मंग मी घरा येते."

त्या तिथे कधी जायच्या तेही ओघाने कळलं. बाजार उठला की, म्हणजे राजाची दुपारची झोप संपायच्या वेळेला. रोजच.

लोणच्याची बरणी त्यांनी स्वतःहून पुढे ठेवली, मुलासाठी केली होती तिच्यातलीच. सुचित्राबाईंनी झाकण काढून वास घेतला. लसूण, मिरची, व्हिनेगर. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांना नाही. मोहरी घातली नाही का, असं विचारलं तर पुतळाबाईंना हसू आलं. कोलंबीला मोहरी कोण घालतं, मोहरी तुमच्या कैरीला, असं त्या म्हणाल्या. जासईच्या माहेरवाशिणीने हे विचारावं याचंच त्यांना नवल वाटलं.

मग त्यांचा चेहरा उतरला. एक गोष्ट केली होती, ती त्यांनी सांगून टाकली. पहिल्या वेळी पोर घरी आलं तेव्हा दारातूनच त्याची दृष्ट काढली होती. मीठ-मोहरी मुठीत धरून ओवाळली आणि घरी येऊन चुलीत टाकली. ते विहीणबाईंनी बघितलं आणि करणी केली म्हणाल्या.

"त्याच्यानी झालं असंल का गं?" त्यांनी विचारलं. नाही म्हणायला सुचित्राबाईंना एक क्षण लागला, आणि तो क्षण म्हातारीने बघितला.

सुचित्राबाई निघाल्या तेव्हा पुतळाबाईंनी पेटीतून मऊसूत झालेल्या लुगड्याचा हिरवा तुकडा काढून दाखवला. नातू होणार कळलं तेव्हाच फाडून, धुऊन ठेवला होता, काही तरी शिवायला. पण पहिल्या पोराचं सगळं माहेराकडून येतं. झबली, टोपरी, दुपटी, सगळं तिकडून आलं आणि तुकडा पेटीतच राहिला.

"मना येकदा बगू दे त्याला," त्या म्हणाल्या. "दारातशी."

तक्रार त्यांच्याविरुद्धच होती. सुचित्राबाईंना हो म्हणता आलं नाही.

४

नेरुळच्या फ्लॅटमध्ये प्रितेश एकटाच बॅग भरत होता. जासईच्या कंटेनर यार्डात नोकरी, दोन्ही वेळा तो कामावर होता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको आणि सासू, आणि मधे हा. कोणाची बाजू घेतली तरी कोणीतरी मरतंच, अशी त्याच्या चेहऱ्यावरची कळा होती. ऋतिकाने फोनवर सामान सांगितलं होतं. राजाचे कपडे, वाटी-चमचा, कापडी ससा, उशी, पातळ दुलई. नव्या जागेत पोर रडून जीव नकोसा करत होतं, म्हणून त्याच्या सवयीच्या वस्तू आणायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

राजाला दिवसा सांभाळायला काशी यायची, उरणकडची, चाळिशीची. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आज ना उद्या सगळं आपल्यावरच शेकणार हे तिला ठाऊक होतं. गरिबावर पहिला दगड पडतो. तुझे हात काय करत होते, असं विचारल्यावर ती गोंधळली आणि मग भराभरा बोलायला लागली. शिवत होते, म्हणाली. दोन्ही वेळा तिच्या हातात सुईच होती. खालचे दोन दात आल्यापासून पोराला नुसती शिवशिव सुटली होती, हाताला लागेल ते तोंडात. सशाचा कान तोडला, लाळेऱ्याची नाडी तोडली, उशीचा कोपरा उसवला, दुलईचा काठ कुरतडला. तिने सगळं लाल दोऱ्याने पक्कं करून टाकलं होतं. पोराच्या घशात कापूस-चिंधी जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायची.

दात आले कधी? पहिल्या दुखण्याच्या जरा आधी. झोप चाळवली की आधी काहीतरी चघळत पडायचा, मग एकदम किंचाळून तोंड चोळायचा. काशीने हिरड्यांवर थंड चमचा फिरवला होता, पण तोंडात दुसरं काही घातलं नव्हतं. हे सांगताना तिने स्वतःच्या मुलीची शपथ घेतली.

संध्याकाळी हॉस्पिटलात ऋतिका भेटली. चार दिवसांत ती अर्धी झाली होती. तिच्या हातांनी काय केलं याची यादी संपता संपेना. बाटल्या उकळल्या, भाताची पेज गाळली, भांडी वेगळी केली, चादरी गरम पाण्यात घातल्या, उशीचे अभ्रे धुतले, ते तर लाळेने पिवळेच पडायचे. आजूबाजूला फोडणीसुद्धा नको म्हणून ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. आणखी काय करायला हवं होतं, असं तिने विचारलं. 

सुचित्राबाईंनी एक केलं. खोलीच्या दारावर शिपाई संध्याला बसवलं. खाण्याची एकही वस्तू आत जाणार नाही. पोराला जे द्यायचं ते हॉस्पिटलचं, आणि संध्याच्या डोळ्यांसमोर.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. राजाला पुन्हा झालं होतं.

सुचित्राबाई पोचल्या तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं. हॉस्पिटलातच होता म्हणून वाचला, असं डॉक्टर जागृती तीन वेळा म्हणाल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.  गीतांजलीबाई बाकावर जप करत होत्या. ऋतिका रडतही नव्हती.

संध्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने जागा सोडली नव्हती. सकाळपासून पोराने हॉस्पिटलची पेज आणि आईचं दूध याखेरीज काही घेतलं नव्हतं. आत फक्त ऋतिका होती. पुतळाबाई सकाळपासून समोरच्या फुटपाथवर झाडाखाली बसून होत्या, पण गेटच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"बॅग मी स्वतः उलटी करून बघितली, मॅडम," संध्या म्हणाली. "खाण्याचं काहीच नव्हतं. नुसते कपडे, खेळणं न् अंथरूण-पांघरूण."

ऋतिकाला विचारलं, तुझे हात काय करत होते? ती त्याला थोपटत होती. पेज घेऊन बराच वेळ झाला होता. दुसरं काहीच नाही.

सुचित्राबाई डॉक्टरांकडे वळल्या. वास होता का, असं त्यांनी विचारलं. होता, डॉक्टर म्हणाल्या, तोच. नाकात झणका.

झणका. हा शब्द कानावर पडला आणि सुचित्राबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांना जासईचं स्वयंपाकघर आठवलं. शेजारच्या काकू कैरीच्या दिवसांत खलबत्ता घेऊन बसायच्या आणि पोरींना म्हणायच्या, लांब व्हा, डोळ्यांत जाईल.

आणि मग त्यांना आपली चूक कळली. आजीचे हात, आईचे हात, काशीचे हात, सगळ्यांचे हात त्यांनी तपासले होते आणि सगळे रिकामे निघाले होते. त्या खोलीत आणखी दोन हात होते, लहानसे, आणि त्यांच्याबद्दल त्यांनी कोणालाच काही विचारलं नव्हतं.

"राजाच्या हातात काय होतं?" त्यांनी विचारलं.

ऋतिकाला प्रश्नच कळला नाही. सुचित्राबाई उत्तराला न थांबता आत गेल्या. पोर कधीच दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. रिकाम्या पलंगावरची एक वस्तू त्यांनी उचलली, नाकाजवळ धरली आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते रडण्याचं नव्हतं, निदान तेव्हा तरी.

६

डॉक्टरांच्या खोलीत चौघे जमले. डॉक्टर, ऋतिका, प्रितेश, गीतांजलीबाई. सुचित्राबाईंनी कँटीनमधून एक वाटी आणि एक चमचा मागवला होता. वाटीच्या तळाशी चिमूटभर मोहरी होती.

गीतांजलीबाईंनी ती बघितली मात्र, त्या उठूनच उभ्या राहिल्या. "मी सांगत नव्हते? मोहरी ओवाळलीय तिने. करणी म्हटलं तर ऋतिका, तुम्ही दोघं हसलात मला."

"ताई, वास घ्या," सुचित्राबाई म्हणाल्या आणि वाटी पुढे केली.

वास नव्हता. वाटी सगळ्यांच्या हातांतून फिरली, कोणालाच आला नाही. मग सुचित्राबाईंनी वाटीत पाण्याचे थेंब टाकले आणि चमच्याच्या पाठीने मोहरी रगडली. बराच वेळ रगडली. पुन्हा वाटी पुढे केली तेव्हा डॉक्टर जागृती झटक्यात मागे सरल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो वास."

सुचित्राबाईंनी मग शांतपणे एकेक धागा सोडवला. कोरडी मोहरी मुकी असते, दृष्टीची मूठ फिरवली म्हणून तोंडाला वास येत नाही. पाणी लागलं आणि रगडली गेली तरच ती झोंबते. म्हणजे पोराच्या तोंडात रगडलेली, ओली मोहरी होती. लोणच्यातून आली म्हणावं तर पुतळाबाईंच्या लोणच्यात मोहरी नाही, त्यांनी स्वतः वास घेतला होता. हात लावून कोणी भरवली म्हणावं तर आज खोलीत तसा हात नव्हता. आणि तिन्ही वेळा पोर एकाच ठिकाणी होतं, अंथरुणात. पुतळाबाई झोप संपताना यायच्या म्हणून त्या नजरेत भरल्या. खरा दोष त्या वेळेचाही नव्हता, अंथरुणाचा होता.

"दात नव्हते तोवर त्याला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "दात आले आणि तो चावायला लागला. वस्तू हॉस्पिटलात नव्हती तोवर त्याचा गालसुद्धा निवला. काल संध्याकाळी ती बॅगेतून आली. संध्याने बॅग तपासली, पण खायचं काय आहे एवढंच तिने बघितलं. आपण सगळ्यांनीच तेवढं बघितलं. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, मी विचारलं कोणी भरवलं. काखेत कळसा न् गावाला वळसा."

त्यांनी पिशवीतून ती वस्तू काढून टेबलावर ठेवली. दोन तळहातांएवढी, मऊ मलमलीची, चौकोनी उशी. एका कोपऱ्याला लाल दोऱ्याची शिवण होती, आणि त्या कोपऱ्याचं कापड पिवळट पडून कडक झालं होतं. आत चुरडलेली मोहरी होती, पोराच्या लाळेत भिजलेली. एक दाणाही बाहेर पडला नव्हता, झिरपला होता तो नुसता रस. काशीने कोपरा पक्का शिवला होता ना.

तान्ह्याचं डोकं गोल यावं म्हणून मोहरीची उशी करतात, हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. इतकं माहीत होतं, की उशीत मोहरी असते हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. मोहरी डब्यात असते, फोडणीत असते. उशीत असते ती उशी.

डॉक्टर हलक्या आवाजात बोलल्या. पोर उजव्या कुशीवर झोपायचं. पातळ कापडातून मोहरीची भुकटी गालाला लागत राहिली, गाल खरखरीत झाला आणि त्याच फाटल्या कातडीतून शरीराने मोहरीला शत्रू म्हणून ओळखलं. पुढे ती तोंडात गेली तेव्हा ते शरीर तयारच बसलं होतं. मोहरीची तपासणी नेहमीच्या यादीत नसते. ती आता लगेच पाठवते, त्या म्हणाल्या, पण माझी खात्री झाली आहे.

गीतांजलीबाई उशीकडे बघत होत्या. 

"माझ्या जुन्या साडीची आहे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणात मीच शिवली. मोहरी निवडून, उन्हं देऊन भरली होती मी. एक खडा राहू दिला नव्हता."

ऋतिका आईकडे बघायला लागली. मग तिला आठवलं की उशी मागवली होती आपणच, आणि तिने चेहरा ओंजळीत घेतला. या खटल्यात आरोपी मिळाला होता आणि कोणालाच शिक्षा देता येत नव्हती. ज्याने त्याने जे केलं होतं ते मायेनेच केलं होतं, आणि पोर तीनदा मरता मरता वाचलं होतं.

७

फुटपाथवर पुतळाबाई अजून बसल्या होत्या. सुचित्राबाई त्यांच्याशेजारी टेकल्या आणि सगळं सांगितलं, उशी कोणाची तेही. लपवून उपयोग नव्हता, आणि या बाईला खरं कळायचा हक्क सगळ्यांत आधी होता. आता जो काही राग निघेल तो निघू दे, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

पुतळाबाईंनी आधी विचारलं, पोराला आता बरं हाय ना. 

"आता वर चला," सुचित्राबाई म्हणाल्या. "दारातून नाही. आत."

वरच्या मजल्यावर बाकाच्या टोकाला गीतांजलीबाई एकट्या बसल्या होत्या. त्यांच्याशी कोणी वाईट वागलं नव्हतं, पण जवळही कोणी बसलं नव्हतं. पुतळाबाईंना बघून त्या उठायला गेल्या, हात जोडायला गेल्या, आणि दोन्हीतलं काहीच त्यांना जमलं नाही. पुतळाबाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि आपण शेजारी बसल्या. नातवाच्या खोलीचं दार चार पावलांवर होतं.

"मी तुमच्यावर पोलीस घातले," गीतांजलीबाई कशाबशा म्हणाल्या.

पुतळाबाईंनी कमरेची पिशवी उघडली आणि लुगड्याचा तो हिरवा तुकडा काढून मांडीवर ठेवला. त्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "ह्यो कपडा मी कनाला फाडलेला, ठाव हाय? मोहरीची उशी शिवाला. मोहरी पन आनलेली, नवी. मंग ऐकलं का तुमी शिवलीत, म्हनून ऱ्हायली." त्या जरा थांबल्या. "तुमी दोन दिस उशीर केला असता ना ईहीनबाय, तं आज तुमच्या जागी मी बसली असती."

सुचित्राबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

आतून पोराचा आवाज आला. रडण्याचा नव्हता, नुसताच अर्धवट जागं होऊन काहीतरी पुटपुटण्याचा. गीतांजलीबाई जागेवरून हलल्या नाहीत. मी नाही येत, म्हणाल्या. माझा हात नको त्याला.

पुतळाबाईंनी तुकडा त्यांच्या हातात दिला. डॉक्टरीणबाई उशी नको म्हणते, पण पांघरायला चालेल, असं त्यांनी सांगितलं. मग आपले चिरा पडलेले हात पदराखाली घेतले.

"माझ्या हाताला मासलीचा वास येतो," त्या म्हणाल्या. "तुमीच घाला."

गीतांजलीबाई उठल्या. दार उघडलं तेव्हा डॉक्टर जागृती पलंगाशी होत्या आणि राजा उताणा पडून स्वतःची बोटं बघत होता. एका आजीने त्याच्या पोटावर हिरवा कपडा पसरला. दुसरी सवयीने दारातच थांबली होती. गीतांजलीबाईंनी मागे वळून बघितलं, तिला आत आणलं आणि तिचा हात पदराखालून ओढून काढून पोराच्या मुठीत दिला.

राजाने त्यातलं एक बोट घट्ट धरलं आणि तोंडात घातलं. पुतळाबाई घाबरून डॉक्टरांकडे बघायला लागल्या.  डॉक्टर जागृतींनी मान डोलावून चालेल म्हणून सांगितलं.